ओढा मोकळा करा: कृष्णा-वारणाकाठच्या पाणीपुरवठा संस्थांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, संचालक आणि सर्व सभासद,
सहकारी पाणीपुरवठा संस्था,
कृष्णा-वारणाकाठ, जिल्हा सांगली

सप्रेम नमस्कार.

आमच्या ओढ्याकडच्या पट्टीतल्या विहिरीला आता दोर लागत नाही. ऐन एप्रिलात काठावर बसून तांब्या बुडवता येतो. माझे वडील याच विहिरीवर मोट हाकत होते तेव्हा पाणी सात परसांवर होतं, आणि मे महिन्यात गाळ काढायला माणूस खाली उतरवावा लागे. पाणी एवढं वर आलं म्हणजे सुबत्ता आली, असं ऐकणाऱ्याला वाटेल. पण त्या तांब्यातलं पाणी तोंडात धरवत नाही. विहिरीभोवतीच्या पावणेदोन एकरात गेली नऊ वर्षं लव्हाळा आणि वेडी बाभूळ सोडून काही उगवलेलं नाही.

मी आपल्यातल्याच एका संस्थेचा सभासद. वडिलांचा शेअर माझ्या नावावर आला. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकाची झाली, आता पूर्णवेळ शेती करतो. सातबाऱ्यावर तीन एकर सात गुंठे आहेत, त्यातलं निम्म्याहून जास्त मिठाने खाल्लं. माझ्या बांधाला बांध लागून आणखी अकरा जणांची तीच गत आहे. त्यात एक विधवा बाई आहे. तिची सगळी जमीन वीस गुंठे, आणि सगळीच क्षारपड. ती आता दुसऱ्याच्या उसात भांगलायला जाते.

हे पत्र मी सरकारला लिहीत नाही. सरकारला लिहायचं ते वेगळं, आणि ते बऱ्याच जणांनी लिहिलेलं आहे. तुम्हाला लिहितो, कारण नदीचं पाणी शिवारात आणणारे तुम्ही आहात. खरं म्हणजे आपण आहोत. जॅकवेल, म्हणजे नदीकाठची उपशाची विहीर, खोदताना माझ्या वडिलांनी अंगमेहनत केली आहे, कर्जासाठी जमीन तारण ठेवली आहे. कोयना धरण झालं, नदी बारमाही वाहू लागली, आणि त्या पाण्याला चढावर नेण्याची हिंमत गावोगावच्या लोकांनी केली. त्या हिमतीवर आमच्या पिढीची शिक्षणं झाली. मी शिक्षक झालो तो उसाच्या पैशावर. त्यामुळे पुढे जे लिहितो त्यात उपकार विसरल्याचा वास कुणाला येऊ नये.

आमच्या पट्टीचं कसं झालं ते आधी सांगतो, कारण आज तुमच्यापैकी अनेकांच्या रानात हेच पहिल्या पायरीवर असेल. सुरुवात एका घोंगडीएवढ्या जागेपासून झाली. लागणीत तेवढ्यातच कांडी उगवली नाही. बेण्याचा दोष असेल म्हणून सांधून घेतलं. पुढच्या वर्षी ती जागा खळ्याएवढी झाली. उसाची पानं शेंड्याकडून करपायला लागली, फुटवे कमी, पेरी आखूड. मग हिवाळ्यात सकाळी सरीच्या वरंब्यावर पांढरी बुकणी दिसू लागली, तळवा ठेवला की हाताला चिकटायची. एकरी अठ्ठावन्न टनांचं रान एकेचाळीसवर आलं, खोडव्याला सव्वीस, आणि शेवटच्या तोडीला टोळीचा मुकादम म्हणाला, गुरुजी, ह्याला कोयता लावायचा का काडी लावायची तुम्हीच ठरवा. त्यानंतर पाऊस पडला की तिथे काळपट तेलकट डबकी साचतात आणि आठ-आठ दिवस हटत नाहीत. वाळलं की जमीन दगड होते.

पांढरी बुकणी आणि काळं डबकं हे दोन वेगळे रोग आहेत. आपण दोन्हीला ‘मीठ फुटलं’ म्हणून मोकळे होतो, पण दोन्हीचा इलाज एक नाही. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार वाढलेले असतात. क्षारता मोजली तर मीटरला ४ डेसिसायमनच्या वर येते, सामू (पीएच) साडेआठच्या आत राहतो. भरपूर गोडं पाणी दिलं आणि ते खालून निघून गेलं तर ती सुधारते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणाला चिकटून बसलेला असतो. तिथे सामू साडेआठच्या वर जातो, कण सुटे होतात, भोकं बुजतात, आणि पाणी खाली उतरायचंच थांबतं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी आधी पहिला रोग येतो आणि कुणी लक्ष दिलं नाही की त्यातून दुसरा. शाळेत मी मुलांकडून एक प्रयोग करून घ्यायचो. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्यायचं, त्यात वाळलेलं ढेकूळ अलगद सोडायचं आणि हलवायचं नाही. चोपण मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असतं. चांगल्या रानाचं ढेकूळ विस्कटतं, पण पाणी वर निवळ राहतं. प्रयोगशाळेत नमुना द्यायचाच, पण हा पेला प्रत्येकाने आज घरी करून बघावा.

आता हे मीठ आलं कुठून? मला सगळ्यात जास्त वेळ हे सभासदांना समजावण्यात गेला आहे, म्हणून हिशेबच मांडतो. नदीचं पाणी गोडं असतं, तरी लिटरमागे पाव ग्रॅम विरघळलेले क्षार धरा. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षभरात अडीच मीटर उंचीचं पाणी आपण सहज देतो. एका एकरावर अडीच मीटर म्हणजे साधारण एक कोटी लिटर. त्यातले क्षार झाले अडीच टन. पन्नास किलोची पन्नास पोती, दर एकराला, दर वर्षाला. ऊस पाणी पितो, सूर्य पाणी उडवतो. मीठ दोघांनाही नको असतं, ते मागे राहतं. त्यातलं काही चुनखडी होऊन बसतं, काही खोल झिरपतं. पण आपली जमीन खोल काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. जास्तीचं पाणी खाली जाऊन साठतं, वर्षावर्षाला वर चढतं, आणि दीड-दोन मीटरवर आलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं माती ते वर ओढून घेते. वर येताना ते जुनं-नवं सगळं मीठ सोबत आणतं. नदीने दिलेलं मीठ थोडं, पण बाहेर जायला वाट नसली की चाळीस वर्षांत थोड्याचं फार होतं.

पाणी वर चढतं ते सगळ्यांच्या रानातलं, पण उगवतं खालच्याच्या रानात. चढावरच्या मळ्यात रात्री मोटर सोडून मालक झोपतो, पाणी सरी फोडून वाहतं, मुरतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी ओढ्याकाठच्या माणसाच्या वावरात उपळ फुटते, म्हणजे तेच पाणी जमिनीतून वर पाझरतं. वरच्याला दोष द्यावा तर त्याने काही वाईट हेतूने केलेलं नाही. वीज रात्रीची, पाळी आठवड्याने की पंधरवड्याने ते नक्की नाही, म्हणून आलंय तोवर घे असं त्याचं चालतं. माझ्या वडिलांनीही तेच केलं. पाणीपट्टी एकरावर घेतली जाते, पाण्याच्या मापावर नाही. एक तास सोडलं काय आणि अख्खी रात्र सोडलं काय, पैसे तेवढेच.

इथे मला माझ्या नोकरीची पहिली अकरा वर्षं आठवतात. ती रायगड जिल्ह्यात गेली, अलिबागकडच्या खारेपाटात. सांगली-साताऱ्याची बरीच पोरं तेव्हा कोकणातल्या शाळांवर जायची. शाळा खाडीच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मे महिना होता. भातखाचरं पाहिली आणि वाटलं, इथे लोक काय पिकवत असतील! जमीन भेगाळलेली, वर मिठाचा पापुद्रा. आणि ऑक्टोबरात त्याच खाचरात गुडघाभर भात डोलत होता.

गावातले म्हातारे मला बांधावरून फिरवायचे. खाडीकडचा मोठा बांध म्हणजे बाहेरकाठा, आत दुसरा आतलकाठा. बांधात ठरावीक जागी उघाडी असते. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच तिची झडप मिटते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. पावसाने धुतलेलं मीठ त्या पाण्याबरोबर खाडीत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. त्या पाण्याच्या पातळीखाली शेत करायचं, आणि पिढ्यान्पिढ्या पिकवायचं. सगळी करामत त्या झडपेत आणि बांधात होती.

पण मला जे शिकायला मिळालं ते झडपेपेक्षा माणसांकडून. पूर्वी बांधाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी वाट्याला असायचा. ज्याचं शेत आत, त्याचे हात बांधावर. खेकड्याने बीळ पाडलं तरी ते बुजवायला कुणी ‘माझं शेत तिकडं आहे’ म्हणत नसे, कारण उधाणाला एका जागी खांड पडली की अख्ख्या शिवारात खारं पाणी शिरतं, आणि मग दोन-तीन वर्षं कुणाचंच भात होत नाही. पुढे १९४८ साली मुंबई प्रांताचा आणि १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमिनींचा कायदा आला, बांधांची काळजी खात्याकडे गेली. म्हातारे म्हणायचे, कायदा चांगला, पण तेव्हापासून बांधावर जाणारी माणसं कमी झाली. मी असतानाच एका श्रावणी अमावास्येला खांड पडली. रात्री कंदील घेऊन माणसं पेंढा, माती, बांबू घेऊन पळत होती, त्यात मीही होतो. सकाळी शाळेच्या पायरीपर्यंत पाणी. एक आजोबा बांधावर बसून नुसते बघत होते. त्यांचं स्वतःचं शेत खांडीपासून सगळ्यात लांब होतं, पण ते पहिले आले होते आणि शेवटी गेले.

मी सांगलीला बदलून आलो, तेव्हा मनात होतं की आपल्याकडे समुद्र नाही, आपण सुटलो. वीस वर्षांनी कळलं की आपण जास्त अडचणीत आहोत. तिकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, तो दर वर्षी जमीन धुऊन काढतो. आपल्या मिरज-वाळव्याच्या पट्ट्यात पाचशे-सहाशे, कधी त्याहून थोडा जास्त. एवढ्यात अडीच टन मीठ धुतलं जात नाही. तिकडे शत्रू समोर दिसतो, दिवसातून दोनदा भरती होऊन येतो. आपला पायाखालून येतो, आणि दिसतो तेव्हा पंधरा वर्षं उशीर झालेला असतो. म्हणून तिकडे उघाडी नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही, आणि आपल्याकडे एवढ्या संस्था, एवढे कारखाने असूनही पाणी बाहेर काढायचा विषय सभेच्या पत्रिकेवर शोधून सापडत नाही.

या गोष्टी माहीत नव्हत्या असंही नाही. दख्खनच्या कालव्यांखाली जमिनी पाणथळ आणि खारवट व्हायला लागल्या त्याला शंभर वर्षं होऊन गेली. १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनाची पद्धत शेतीला जुळवून घेण्यासाठी एक खास विभाग काढला, त्याचीच पुढे खडकवासल्याची जल व विद्युत संशोधन संस्था झाली. आपल्या जिल्ह्यात कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र याच प्रश्नावर काम करतं. शेजारी शिरोळमध्ये दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मोठ्या क्षेत्रावर जमिनीखालून निचऱ्याचे पाईप टाकले आणि पड रानात पुन्हा ऊस उभा केला. मी ती रानं स्वतः जाऊन पाहिली आहेत. एका जागी पाईपच्या तोंडाशी बसलो होतो. करंगळीएवढी धार पडत होती, तोंडात घेतली तर खारट. मला तिथून उठवेना.

मी काय काय करून बसलो तेही लिहितो, दुसऱ्याचा पैसा तरी वाचेल. पहिल्या वर्षी जिप्सम टाकलं, दोन ट्रॉल्या. जिप्समचं काम असं की त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला उठवतं आणि त्याची जागा घेतं. उठलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून गेला तर उपयोग. माझ्या रानात त्याला जायला वाटच नव्हती. पाहुण्याला जागेवरून उठवलं, पण दार कुलूपबंद, मग तो पुन्हा तिथेच बसणार. शिवाय माझ्या मातीत चुनखडी भरपूर, तिथे जिप्समपेक्षा गंधक योग्य होतं. हे मला पैसे गेल्यावर, नमुना तपासल्यावर कळलं. दुसऱ्या वर्षी एकाने पाच लिटरचे कॅन आणून दिले, पंधरा दिवसांत जमीन मऊ होईल म्हणाला. झाली नाही. तिसऱ्या वर्षी हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला, पंचेचाळीस दिवसांनी गाडला. त्याने कडेची चार-पाच गुंठे जरा उठली, कारण तिथे बांधाच्या चरीतून थोडं पाणी सरत होतं. तेवढ्यावरून माझ्या डोक्यात लख्ख झालं. शेणखत, धैंचा, जिप्सम, गंधक, क्षार सोसणारी ‘फुले २६५’सारखी उसाची जात, ही सगळी औषधं चांगली आहेत, पण निचरा झाल्यानंतरची. आमच्या ओळीतल्या दोघांनी वरची माती वीटभट्टीला विकली. खराबच आहे, चार पैसे तरी येतील म्हणून. आता तिथे खड्डे आहेत, बारा महिने पाणी आणि पाणकणीस. त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, कर्ज डोक्यावर होतं.

मग मी पाईपच्या चौकशीला लागलो. साधारण सव्वा मीटर खोल, पंचवीस-पंचवीस मीटरवर जाळीने गुंडाळलेले सच्छिद्र पाईप, ते मोठ्या पाईपला जोडायचे, आणि मोठा पाईप ओढ्यात सोडायचा. डिग्रजच्या माणसांनी नीट समजावलं. चांगल्या काळ्या रानात पाईपही न टाकता ट्रॅक्टरच्या नांगराने गोळा ओढून जमिनीत पोकळ बोगदे पाडतात, त्याला मोल निचरा म्हणतात. तो स्वस्त पडतो, काही वर्षं टिकतो, मग पुन्हा करायचा. सगळं पटलं. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या ओढ्याचा तळ रानापेक्षा किती खाली आहे?

मी घरी येऊन ओढा बघायला गेलो. लहानपणी ज्या ओढ्यात आम्ही म्हशी धुतल्या, तो सापडेना. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढला. नकाशावर दोन रेघांमध्ये ठळक ओढा आहे, शिवाराच्या वरच्या टोकापासून थेट नदीपर्यंत. प्रत्यक्षात तो काही ठिकाणी धोतराच्या पन्ह्याएवढा उरला आहे. दोन्हीकडच्या मालकांनी वर्षाला एकेक सरी पुढे सरकवली. तीन जागी तो पूर्ण बुजवून त्यावर ऊस आहे. एका जागी रस्त्याखाली पाईप घातला आहे तो ओढ्याच्या तळापेक्षा दोन फूट वर, म्हणजे दोन फूट पाणी वर्षभर मागे तुंबलेलं. आणि एका जागी, हे लिहायला मला जड जातं, ओढ्यात भराव घालून आमच्याच घराण्यातल्या माणसाने गोठा बांधला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी गाळ आणून टाकला तो वेगळाच. २०१९ ला पूर ओसरल्यावर वरचा गाव कोरडा झाला तरी आमच्या पट्टीत महिनाभर पाणी होतं. नदीने नेलं नाही असं नव्हे, नदीपर्यंत ते पोचलंच नाही.

तेव्हा मंडळी, मी माझ्या पावणेदोन एकरात कितीही पाईप गाडले तरी ते कुठे सोडणार? शेजाऱ्याच्या रानात? खालपासून ओढा मोकळा झाल्याशिवाय कुणाही एकट्याचा निचरा होत नाही, आणि ओढा एकट्याच्या हातातला नाही. तो संस्थेच्या हातातला आहे. ज्या शिवाराला तुमची पाईपलाइन पाणी देते ते सगळं शिवार त्याच एका ओढ्याला उतरतं. भिजवणीचा नकाशा आणि निचऱ्याचा नकाशा एकावर एक ठेवले तर तेच क्षेत्र दिसेल. तुमच्याकडे सभासदांची यादी आहे, वसुलीची घडी बसलेली आहे, पाटकरी आहे, सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायची सवय आहे. गावात दुसऱ्या कुणाकडे हे नाही. ग्रामपंचायत पाच वर्षांनी बदलते, खातं साहेब बदलला की विसरतं.

मागणी माझी एवढीच आहे. येत्या सप्टेंबरच्या आधी जी वार्षिक सभा होईल तिच्या पत्रिकेवर ‘निचरा’ हा विषय घ्या, आणि तो ‘ऐनवेळच्या विषयांत’ ढकलू नका. त्या सभेत ओढ्याची मोजणी मागण्याचा ठराव करा. मोजणीनंतर नदीकडच्या टोकापासून वर असं काम सुरू करा. वरून सुरू केलं तर खालच्याला बुडवाल. पाणीपट्टीबरोबर एकरी थोडी निचरापट्टी घ्या, सगळ्या सभासदांकडून, ज्यांचं रान आज चांगलं आहे त्यांच्याकडूनही. तिचं खातं वेगळं ठेवा. ओढा खुला झाला की चर काढणाऱ्या आणि पाईप टाकणाऱ्या गटांना त्यातून हातभार लावा, सगळ्यात लहान खातेदारापासून सुरुवात करून. वीस गुंठेवाली बाई कर्ज काढू शकत नाही.

आणि पाणी मोजा. मीटर बसवायचं तेव्हा बसवा, पण एक काम या महिन्यात होईल. तीन मीटरचा साधा पीव्हीसी पाईप घ्या, खालच्या दीड मीटरला भोकं पाडा, वर काथ्या गुंडाळा, आणि अडीच मीटर खोल भोकात उभा करा. शिवारात असे दहा-बारा पुरे. पाटकऱ्याने महिन्यातून एकदा दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि संस्थेच्या फळ्यावर लिहायचं. जिथे पाणी दीड मीटरच्या आत आलं तिथे पाळी लांबवायची, ठिबक आधी तिथे द्यायचं, पाचट जाळायचं नाही, उसानंतर एक हंगाम दुसरं काही घ्यायचं. मोजलं नाही तर भांडण होईल, मोजलं तर निदान चर्चा होईल.

सभेत उठणारे प्रश्न मला पाठ आहेत. ‘पाणी कमी केलं तर टनेज पडेल.’ माझं अठ्ठावन्नावरून शून्यावर आलं ते पाणी जास्त झाल्याने. उसाच्या मुळाला हवा लागते. ‘ज्याचं खराब झालं त्याने बघावं.’ आमच्या शिवारात पहिलं घोंगडीएवढं खराब झालं तेव्हा मीही शेजाऱ्याबद्दल हेच म्हटलं होतं. त्याच्या बांधावरून माझ्या बांधावर यायला मिठाला सहा वर्षं लागली. तिसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला मी सोपं उत्तर देऊ शकत नाही: निचऱ्याचं खारट पाणी नदीत गेलं की खालच्या गावांनी काय प्यायचं? म्हणून ते सोडायला पावसाळा बरा, तेव्हा नदीला भरपूर पाणी असतं. उन्हाळ्यात मोठ्या पाईपला झडप हवी. आणि मुळात कमी पाणी दिलं तर बाहेरही कमी येईल. या बाबतीत काठावरच्या संस्थांनी एकमेकांशी बोललं पाहिजे. वरच्या संस्थेने कधी सोडलं ते खालच्या संस्थेला कळलं पाहिजे. आज आपण बोलतो ते फक्त वीजदराच्या मोर्चाला.

ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रातल्या मित्रांनाही मला दोन शब्द लिहायचे आहेत. तुमच्याकडे पाणी आमच्यानंतर आलं. दुष्काळात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला ‘पाणी जपून दे’ म्हणणं मला शोभत नाही, हे मी जाणतो. पण तुमचे ओढे अजून उघडे आहेत. त्यात सरी सरकवू नका. तुमची माळाची रानं निचऱ्याला बरी आहेत, पण खोलगटातली काळी पट्टी आमच्यासारखीच आहे. तिथे विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात किती वर येतं ते लिहून ठेवा.

मला कुणी म्हणालं, गुरुजी, तुमचं वय झालं, मुलगा पुण्यात, कशाला ह्या भानगडीत पडता. मुलगा पुण्यात आहे हे खरं. पण सातबारा त्याच्याही नावावर लागणार आहे, आणि त्याला मी काय देणार, वेड्या बाभळीचं रान? माझ्या वडिलांनी मला भिजणारी जमीन दिली. ते गेले त्या वर्षी ती पट्टी अजून हिरवी होती. ते बघायला नाहीत याचं मला कधी कधी बरं वाटतं, आणि तसं वाटल्याचं वाईट वाटतं.

घराण्यातल्या ज्या माणसाचा गोठा ओढ्यात आहे, त्याच्याकडे मी मागच्या आठवड्यात जाऊन आलो. दोन तास बसलो. तो म्हणाला, बाकीच्यांनी आपापलं काढलं तर मीही काढतो, एकटा नाही काढणार. मला ते रास्त वाटलं. माझ्या स्वतःच्या बांधाकडे ओढ्यात दीड सरी घुसलेली आहे, वडिलांच्या काळातली. ती मी या पाडव्याला सोडली, तिथली लव्हाळी काढून तळ खोल केला. चाळीस फूट झालं. पाणी अजून सरकत नाही, कारण पुढचं बंद आहे.

गावनकाशाच्या मोठ्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. त्यावर ओढा निळ्या पेन्सिलीने आणि आज क्षारपड असलेले गट लाल पेन्सिलीने दाखवले आहेत. संचालकांपैकी ज्यांना सभेआधी बघायच्या असतील त्यांनी कधीही घरी यावं, किंवा निरोप द्या, मी संस्थेत घेऊन येतो. निचरापट्टीचा ठराव व्हायच्या आधीच माझ्या तीन एकर सात गुंठ्यांची रक्कम, तुम्ही सांगाल त्या दराने, मी सेक्रेटरींकडे जमा करायला तयार आहे. पावती तेवढी ‘निचरा’ नावाने फाडा.

आपला,
एक सभासद
(निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. वाळवा, जि. सांगली)